सडक एका सकाळपुरती नको

हिवाळा सुरू झाला की आपल्या शहरांमध्ये मॅरेथॉनचे फलक लागतात. मुंबईची मोठी मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, पुण्याची तर १९८३ पासूनची. आता नागपूर, नाशिक, कोल्हापूर, सगळीकडेच पहाटे रस्ते बंद करून हजारो माणसं धावतात. त्यात बायकांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे. २०१२ पासून फक्त बायकांसाठी भरणारी ‘पिंकेथॉन’ही आली. नऊवारी नेसून, पाठीशी मूल बांधून धावणाऱ्या बायकांचे फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतात आणि खाली ‘नारीशक्ती’ असा मथळा असतो.

आपल्या चळवळीत याकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा दिसतात. काही गट बॅनर घेऊन त्यात सामील होतात. काहीजणी म्हणतात, हे खात्यापित्या घरचे चोचले. आमच्या बाया सकाळपासून रात्रीपर्यंत धावतच असतात, त्यांना आणखी कुठे धावायला लावता? हे दुसरं म्हणणं पटकन टाळ्या घेतं. पण मला ते अर्धंच खरं वाटतं. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरसारख्या तालुक्याच्या गावाकडून पाहिलं, तर मॅरेथॉन हा प्रश्न वेगळाच दिसू लागतो.

बाई धावते, हे खरंच. नळ जायच्या आत हंडे भरायला, गाडी चुकू नये म्हणून, पोराचा डबा देऊन वेळेवर कामावर पोचायला ती धावते. भिवापूर मिरचीचं गाव. इथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. हंगामात मिरचीच्या सातऱ्यावर बाया दिवस दिवस बसून देठ खुडतात. मजुरी किलोवर, त्यामुळे हात थांबवायची सोय नाही. बोटांची आग होते, डोळे झोंबतात, पाठ धरते. तिथून उठून घरी स्वयंपाकाला पळायचं. या धावण्यात एकही पाऊल तिचं स्वतःचं नसतं. ज्या धावण्यात कोणाचं काम होत नाही, कोणासाठी काही आणायचं नाही, फक्त आपल्या अंगातला जोर आणि छातीतला श्वास अजमावायचा आहे, असा अर्धा तास बाईला मिळतो का? तो मागण्याचा हक्क तिला आहे का? प्रश्न हा आहे. तो खात्यापित्या बाईचाही आहे आणि सातऱ्यावरच्या बाईचाही.

हा हक्क बायकांना कोणी सहज दिलेला नाही. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांना पहिल्यांदा ८०० मीटर धावू दिलं. अंतिम शर्यतीत ९ जणी होत्या. नऊही जणींनी ती पूर्ण केली आणि जर्मनीच्या लीना राडकेने विक्रम केला. धावून दमलेल्या एकदोघी मैदानावर टेकल्या, एवढ्यावर वर्तमानपत्रांनी ओरड केली की बायका कोसळल्या, हे त्यांच्या शरीराला झेपणारं नाही. पुरुष धावून आडवा पडला की त्याला जिद्द म्हणतात. बाई टेकली की तिचं शरीर दुबळं ठरतं. या ओरडीपायी ८०० मीटरची शर्यत बायकांसाठी बंद झाली ती थेट १९६० पर्यंत. मॅरेथॉन तर फारच दूर. अमेरिकेतल्या बोस्टनच्या शर्यतीत १९६६ साली बॉबी गिब झुडपात लपून राहिली आणि मग पुरुषांच्या घोळक्यात मिसळून धावली. दुसऱ्या वर्षी कॅथरीन स्वित्झर नावाची फक्त आद्याक्षरं लिहून रीतसर क्रमांक घेऊन धावली, तेव्हा एक अधिकारी भर रस्त्यात तिच्या अंगावर धावून गेला आणि तिचा क्रमांक ओढू लागला. बोस्टनने बायकांना १९७२ साली मान्यता दिली. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली १९८४ साली. म्हणजे बाई ४२ किलोमीटर धावू शकते हे जगाने कबूल केलं त्याला अजून पन्नास वर्षंही झालेली नाहीत.

आता हेच ८०० मीटर भिवापूरला आणून पाहू. महाराष्ट्र पोलिसांच्या भरतीत मुलींना मैदानी चाचणीत ८०० मीटर धावावं लागतं. १९९४ च्या राज्याच्या महिला धोरणाच्या काळात सरकारी नोकऱ्यांत बायकांसाठी ३० टक्के जागा राखीव झाल्या. ही आपल्या चळवळीच्या रेट्याचीही कमाई आहे. विदर्भातल्या गावोगावच्या मुली आज त्या जागांसाठी पहाटे उठून डांबरी सडकेवर धावतात. शेतमजुराच्या मुलीसाठी ते ८०० मीटर म्हणजे पगार, क्वार्टर, लग्न दोन वर्षं लांबवण्याची सबब आणि घरात बोलण्याची ताकद. तिचं मॅरेथॉन हेच. त्याला ना फलक, ना पाण्याचे टेबल, ना टाळ्या.

आणि तिला मिळतं काय? धावण्याची योग्य वेळ पहाटेची, म्हणजे अंधाराची. सडकेवर दिवे नाहीत. ट्रक अंगावरून जातात. मोटारसायकलवरची पोरं मुद्दाम हळू होतात, शिट्ट्या मारतात. ट्रॅकपँट घातली की शेजारच्या ओट्यावर चर्चा सुरू होते. म्हणून कित्येकजणी सलवार-कमीज आणि ओढणीतच धावतात. पाळीच्या दिवसांत काय करायचं हे कोणी सांगत नाही. धावताना छातीला आधार देणारे अंतर्वस्त्र लागतात हेही कोणी सांगत नाही, कारण शिकवणारा पुरुष असतो आणि तो लाजतो. वाटेत मुतारी नाही. मग पाणीच प्यायचं नाही, असा उपाय मुली आपला आपणच शोधून काढतात आणि उन्हाळ्यात चक्कर येऊन पडतात. तेव्हा पुन्हा १९२८ सालचं तेच वाक्य ऐकू येतं, ‘मुलींना झेपत नाही.’

भिवापूरला आणखी एक गोष्ट आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचा काही भाग याच तालुक्यात येतो. त्यामुळे पहाटे धावायला जाऊ नका, वाघ आहे, असं मुलींना सांगितलं जातं. वाघाची भीती खोटी नाही. विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात पहाटे मोह वेचायला, तेंदूची पानं तोडायला, सरपणाला गेलेल्या बाया वाघाच्या तोंडी सापडल्या आहेत. पण इथेच विचारायला हवं. मोह वेचायला अंधारात जंगलात जाणाऱ्या बाईला घरातलं कोणी अडवतं का? तिच्या कामाने घरात चार पैसे येतात, म्हणून तिचा धोका सगळ्यांना चालतो. तीच बाई किंवा तिची मुलगी स्वतःसाठी सडकेवर धावायला निघाली की सगळ्यांना वाघ आठवतो. धोका तोच, जंगल तेच. फरक फक्त इतकाच की दुसऱ्या वेळी बाई कोणाच्या कामासाठी निघालेली नसते.

मग शहरातली मॅरेथॉन या मुलीच्या कितपत कामाची? नागपूरला तिने भाग घ्यायचा म्हटलं तर शर्यत सुरू होते उजाडायच्या आधी किंवा उजाडता उजाडता. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या वेळेला मैदानावर हजर व्हायचं तर उमरेडमार्गे आदल्या दिवशीच नागपूर गाठायला हवं. रात्री राहायचं कुठे? सोबत कोण? नावनोंदणीचे पैसे कोण देणार? ‘सातच्या आत घरात’ असा शिरस्ता असलेल्या घरातून तिला रात्रीची परवानगी कोण मिळवून देणार? मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये आज स्त्री आणि पुरुष विजेत्यांना सारखं बक्षीस मिळतं. ही समता मोलाचीच आहे. पण ती धावपट्टीच्या शेवटच्या टोकाला आहे. सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोचायलाच जिला शंभर अडथळे, तिच्यापर्यंत ती पोचत नाही.

तरीही आपल्याकडच्या मुली पोचल्या आहेत. नाशिकच्या आदिवासी पाड्यातली कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३ हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. परभणीची ज्योती गवते २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. अशा मुलींबद्दल लिहिताना पेपरवाले हमखास लिहितात की लांबून पाणी आणता आणता, डोंगर चढता चढता ती धावपटू झाली. मला या वाक्याचा राग येतो. लांबून पाणी आणणाऱ्या मुली लाखो आहेत. त्यांची कंबर मोडते, शाळा सुटते. पदक मिळत नाही. कविताला नाशिकला प्रशिक्षक मिळाले, सराव मिळाला, म्हणून ती कविता राऊत झाली. हालअपेष्टांना प्रशिक्षण म्हणणं म्हणजे नळ न देणाऱ्यांना पदकाचं श्रेय देणं आहे.

लता भगवान करे यांचंही तेच झालं. बुलढाणा जिल्ह्यातून बारामतीकडे मजुरीला आलेल्या, साठी ओलांडलेल्या लताबाई २०१३-१४ मध्ये बारामतीच्या ज्येष्ठांच्या शर्यतीत नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. आजारी नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते, म्हणून त्या धावल्या. त्यांच्यावर सिनेमा निघाला. त्यात त्यांनी स्वतःच काम केलं आणि २०२१ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांची खास दखल घेतली गेली. लताबाईंच्या हिमतीला सलामच. पण म्हाताऱ्या मजूर बाईला नवऱ्याच्या तपासणीचे पैसे शर्यत जिंकून का आणावे लागले, हा प्रश्न टाळ्यांच्या आवाजात बुडाला. त्या दिवशी दुसऱ्या आलेल्या बाईच्या घरीही कोणी आजारी असेल, तर तिने काय करायचं? सरकारी दवाखाना ही शर्यतीच्या बक्षिसात मिळायची वस्तू नव्हे.

आणि अगदी आपल्या नागपूरचं उदाहरण. सिरसपेठच्या झोपडपट्टीत राहणारी प्राजक्ता गोडबोले २०१९ साली इटलीतल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत भारतीय विद्यापीठांच्या संघातून ५ हजार मीटर धावली. दोन वर्षांनी, २०२१ च्या टाळेबंदीत, तिच्या घरी दोन वेळच्या जेवणाची भ्रांत असल्याची बातमी आली. वडील आजारी, आईचं स्वयंपाकाचं काम बंद, आणि शर्यतीही बंद, म्हणजे बक्षिसाचे पैसेही बंद. देशाचा झेंडा छातीवर लावून धावलेल्या मुलीची ही गत, तर भिवापूरच्या सडकेवर धावणाऱ्या मुलीच्या ताटात काय असतं हे पाहायला आपण कधी गेलो आहोत का? ज्या घरात मुलगी शेवटी जेवते, तिथे धावण्याचा प्रश्न ताटापासूनच सुरू होतो.

म्हणून मला वाटतं, मॅरेथॉनला नाकं मुरडू नयेत आणि गुलाबी टी-शर्टवर समाधानही मानू नये. पहिल्यांदा शर्यतीत उतरलेल्या चाळिशीपन्नाशीच्या बायका जे सांगतात ते ऐकण्यासारखं असतं. रोज ज्या रस्त्याच्या कडेकडेने, पदर सावरत जातो, त्याच रस्त्याच्या मधोमध धावलो. कोणी हटकलं नाही. आपले पाय इतके चालतात हे ठाऊकच नव्हतं. हा अनुभव खोटा नाही, क्षुल्लकही नाही. बाईला आपल्या शरीराची ओळख बहुतेक वेळा दुखण्यातून, बाळंतपणातून आणि भीतीतूनच होते. आनंदातून झालेली ओळख तिला वेगळी ताकद देते. मात्र नऊ वाजता रस्ता पुन्हा सुरू होतो आणि बाई पुन्हा कडेला जाते. आपलं काम तिथून पुढे आहे.

ते कुठून सुरू करता येईल? तालुक्याला एक क्रीडा संकुल, ही सरकारी कागदावरची जुनी गोष्ट आहे. आपापल्या तालुक्यातलं संकुल किती वाजता उघडतं, तिथे दिवे लागतात का, बायकांच्या संडासाला कुलूप आहे का, किल्ली कोणाकडे असते, हे जाऊन पाहावं आणि तहसीलदारांना लेखी विचारावं. भरतीची तयारी करणाऱ्या मुली जिथे धावतात, त्या वाटेवर पहाटे दिवे आणि पोलिसांची एक फेरी मागावी. शहरातल्या मॅरेथॉनचे आयोजक आपल्या गटांना ‘सहभागी व्हा’ म्हणून बोलावतात, तेव्हा अट घालावी: तालुक्यांतून येणाऱ्या मुलींना नावनोंदणी माफ, आदल्या रात्री राहण्याची सोय, वाटेवर पुरेशी स्वच्छतागृहं. प्रायोजकांच्या जाहिरातीला आपले चेहरे हवे असतील तर एवढी किंमत त्यांनी मोजावी. आणि घरातल्या पुरुषांनाही विचारावं की बाई पहाटे धावायला गेली तर चहा कोण ठेवणार? तिने चारला उठून सगळ्यांचे डबे करून मग धावायला जायचं असेल, तर तिच्या ओझ्यात आणखी एकाची भरच पडली.

शेवटची सूचना अगदी साधी. महिन्यातून एक रविवार ठरवून गटातल्या बायांनी गावाच्या मुख्य सडकेवर एकत्र चालावं, ज्यांना जमेल त्यांनी धावावं. साडीत, सलवारीत, पँटमध्ये, जशा असू तशा. सातऱ्यावरच्या बाया, अंगणवाडीताई, शाळकरी मुली, सासवा, सगळ्या. पन्नास बाया सडकेवर असल्या की मोटारसायकलवाल्याची शिट्टी आपोआप बंद होते. भरतीच्या मुलीही मग एकट्या राहत नाहीत. चार महिने असं केलं की गावाला सवय होईल, आणि सडकेवर बाई दिसणं ही बातमी राहणार नाही.

तुमच्या गावात मुली कुठे धावतात? त्यांना काय सोसावं लागतं, कोणी साथ दिली? गटाच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या आणि जे निघेल ते या पानांसाठी लिहून पाठवा. मुलींनी स्वतःच लिहिलं तर फारच चांगलं.