नाव घेतलं पाहिजे



अमेरिकेतल्या ॲलेक्स चिल्टनने १६ व्या वर्षी गायलेलं गाणं १९६७ मध्ये तिथे पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढे ‘बिग स्टार’ बँडमध्ये त्याने सुंदर गाणी केली. पण १९७२ चा त्यांचा पहिला अल्बम दुकानांत नीट पोहोचलाच नाही. लोक त्याला विसरले. १९८७ मध्ये ‘द रिप्लेसमेंट्स’ या रॉक बँडने मात्र थेट त्याच्या नावाचंच गाणं काढलं. तेव्हा तो हयात होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

आमच्या स्नेहसंमेलनात मी नाचणाऱ्या मुलांची नावं पुकारली, ढोलकी वाजवणाऱ्याचं राहिलं. चूक माझीच. दुसऱ्या दिवशी परिपाठात त्याचं नाव घेतलं, तर केवढा लाजला! बक्षीस एकालाच मिळतं. नाव सगळ्यांचं घेता येतं. ते वेळेवर घ्या.