तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे

२०२३ च्या ऑक्टोबरची २६ तारीख. दिवाळी दोन आठवड्यांवर आली होती. दुपारी आईचा सांगलीहून फोन आला, "अरे, माझं पेजच दिसत नाहीये." मी ऑफिसात होतो. म्हटलं, नेट गेलं असेल, राउटर बंद करून चालू कर.

नेट व्यवस्थित होतं. आईचं खातंच काढून टाकलं होतं. २०१८ पासून ती फराळाच्या ऑर्डरी घेते. चकली, अनारसे, भाजणीची कडबोळी. सगळा व्यवहार त्या एका खात्यावर चालायचा. ऑर्डर मेसेजमध्ये, पत्ता मेसेजमध्ये, 'अनारसे कमी गोड हवेत' हेही मेसेजमध्येच. त्या दिवशी एकतीस जणांचे आगाऊ पैसे तिच्या खात्यावर जमा झाले होते आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांचा पत्ता तिच्याकडे दुसरीकडे कुठेही लिहिलेला नव्हता.

स्क्रीनवर एकच वाक्य होतं : तुमच्या खात्याने आमच्या नियमांचं उल्लंघन केलं आहे. कुठला नियम, कुठला फोटो, कधी, काही नाही. आई दोन दिवस विचारत होती, "मी काय केलं असेल रे?" तिला पैशांपेक्षा दुसरीच काळजी लागली होती. लोक म्हणतील, बाईने पैसे घेतले आणि दुकान बंद करून पळाली.

कंपनीचं नाव घेत नाही. तुमच्या फोनमध्ये तिचं ॲप असण्याची शक्यता बरीच आहे.

मी अपील केलं. दोन मिनिटांच्या आत उत्तर आलं : आम्ही तुमच्या खात्याचं काळजीपूर्वक पुनरावलोकन केलं आहे, निर्णय अंतिम आहे. पाच वर्षांचे फोटो आणि मेसेज दोन मिनिटांत काळजीपूर्वक! मदत केंद्रात गेलो तर सूचना होती, 'तक्रार नोंदवण्यासाठी लॉग-इन करा.' लॉग-इन होत नाही हीच तर तक्रार होती. चॅटबॉटला विचारलं, त्याने त्याच मदत केंद्राची लिंक दिली. फोन नंबर कुठेच नव्हता. गूगलवर शोधला तर तीन सापडले, तिन्ही भामट्यांचे. एकाने अडीच हजारात खातं परत आणून देतो म्हणून सांगितलं. आई द्यायला तयार झाली होती. का होणार नाही? फोन उचलून माणसासारखं बोलणारा तो एकटाच होता.

मग कायद्याकडे वळलो. केंद्र सरकारच्या २०२१ च्या आयटी नियमांनुसार अशा कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्याने चोवीस तासांत पोच द्यायची आणि पंधरा दिवसांत तक्रार सोडवायची होती. २७ ऑक्टोबरला मी त्या अधिकाऱ्याला मेल केला. पोच लगेच आली. नंतर शांतता. चौदाव्या दिवशी, धनत्रयोदशीला, मेल आला : 'तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. आमची सेवा कशी वाटली? पाचपैकी तारे द्या.'

हे वाचून मला राग यायला हवा होता. त्याआधी लाज वाटली. कारण हा मेल मला ओळखीचा होता. असाच एक मेल मी स्वतः लिहिलेला आहे.

माझी कंपनी वेगळी, धंदा वेगळा, पण कोड तोच. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी आमच्या तक्रार प्रणालीत एक नियम टाकला होता : सात दिवस हालचाल झाली नाही की तिकीट आपोआप बंद, शेरा 'सोडवली'. हालचाल ग्राहकाकडून व्हायची राहिली की आमच्याकडून, हे तो नियम तपासत नाही. त्या तिमाहीत आमचा तक्रार निवारणाचा आकडा झकास वर गेला आणि टीमला पिझ्झा मिळाला.

आमच्या धंद्यात 'डिफ्लेक्शन' नावाचं एक माप आहे. किती ग्राहकांना माणसापर्यंत पोचण्याआधी परत वळवलं, त्याची टक्केवारी. त्यात ज्यांना मदत पानावर खरंच उत्तर मिळालं ते येतात आणि जे कंटाळून निघून गेले तेही येतात. आकड्याला दोघांतला फरक कळत नाही, आणि तो कळावा म्हणून कुणी पगार देत नाही. म्हणून 'कस्टमर केअर झोपलंय' असं कुणी म्हणालं की मला पटत नाही. ते जागं आहे आणि नेमून दिलेलं काम चोख करतंय. तुम्ही थकून जावं, हेच ते काम.

यावर माझे मित्र जे म्हणतात ते मला पाठ आहे. पहिलं : कोट्यवधी खाती आहेत, रोज लाखो बनावट खाती उघडतात, प्रत्येकासाठी माणूस कुठून आणायचा? प्रत्येकासाठी मागतंय कोण? स्पॅम यंत्राने पकडावं, संशयित खातं यंत्राने गोठवावं. पण कायमचं पुसून टाकण्याआधी एका माणसाने एकदा बघावं, एवढंच म्हणणं आहे. बँकांचेही ग्राहक कोट्यवधी आहेत. तरी बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. आणि आईने एकदा तीनशे रुपयांची जाहिरात केली होती, तेव्हा 'बजेट वाढवा' म्हणून सांगायला याच कंपनीकडून चक्क फोन आला होता.

दुसरं : सेवा फुकट आहे, मग हक्क कसला? फुकट असती तर ती कंपनी एवढी श्रीमंत झाली नसती. भाड्याच्या खोलीचं उदाहरण घ्या. महाराष्ट्रात भाडं थकवणाऱ्या भाडेकरूलाही नोटीस देऊन नव्वद दिवस थांबल्याशिवाय त्या कारणासाठी घरमालकाला खोली खाली करून घेण्याचा दावा लावता येत नाही. आईने काहीच थकवलं नव्हतं. तिचं सामान आत ठेवून कुलूप बदललं गेलं.

तिसरं : कारण सांगितलं तर भामटे हुशार होतील. थोडं खरं आहे. पण 'अमुक फोटो, अमुक नियम' एवढं सांगण्याने कुठलं गुपित फुटतं? युरोपात डिजिटल सर्व्हिसेस ॲक्ट फेब्रुवारी २०२४ पासून पूर्ण लागू आहे. त्यानुसार खातं बंद करताना स्पष्ट कारण द्यावं लागतं, आणि वापरकर्त्याच्या तक्रारीवरचा निर्णय केवळ यंत्रावर सोडता येत नाही. कंपन्या त्याच आहेत. तिथे जमतं ते सांगलीसाठी जमत नाही, कारण इथे अजून कुणी भाग पाडलेलं नाही.

यंत्र चुकतं, याची उदाहरणं शोधायला लांब जायला नको. गुजरातमधल्या एका कॉम्प्युटर इंजिनिअरने स्वतःचा दोन वर्षांचा असतानाचा, आजी अंघोळ घालतानाचा फोटो गूगल ड्राइव्हवर ठेवला. तो बाल-अत्याचाराचा फोटो ठरवून आपलं खातं बंद केलं, अशी त्याची तक्रार होती. मार्च २०२४ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने गूगलला नोटीस काढली. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बापाने आजारी मुलाचे फोटो डॉक्टरांसाठी काढले होते. पोलिसांनी चौकशी करून त्याला निर्दोष ठरवलं, तरी गूगलने खातं परत दिलं नाही. न्यूयॉर्क टाइम्सने २०२२ मध्ये ही हकिगत छापली. पोलिसांना कळलं ते कंपनीला कळवून घ्यायचं नव्हतं.

आता शेवट. आईचं खातं परत आलं. कायद्याने नाही, अपिलानेही नाही. माझ्या कॉलेजातल्या एका मित्राची मैत्रीण त्या कंपनीत काम करते. तिने आतला एक फॉर्म भरला आणि तीन दिवसांत खातं जसंच्या तसं समोर आलं, सगळ्या मेसेजसकट. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. बहुतेक ठिकाणी सुरुवातीला 'डिलीट' म्हणजे डेटाबेसमधला एक रकाना 'नाही'चा 'होय' करणं, एवढंच असतं. खरं पुसणं नंतर होतं. म्हणजे सगळं तिथेच होतं आणि बघायला माणूसही होता. फक्त त्याच्यापर्यंत जायला वशिला लागत होता. तलाठी कार्यालयाला आपण ज्यासाठी नावं ठेवायचो, तीच गोष्ट जगातल्या सर्वांत आधुनिक कंपनीत होती.

तोवर तुळशीचं लग्नही उरकलं होतं. ज्यांचा पत्ता नव्हता त्यांच्या वाटचा फराळ आईने करून ठेवला होता. त्यांतल्या अकरा जणांनी पुन्हा कधी ऑर्डर दिली नाही. आणि ज्यांचा मुलगा पुण्यात इंजिनिअर नाही, ज्यांच्या मुलाच्या मित्राची मैत्रीण 'आत' नाही, त्यांचं काय झालं असेल, हे कुठल्याच आकड्यात दिसत नाही. त्यांच्या तक्रारीही 'सोडवल्या'च गेल्या असणार.

म्हणून मागणी तीनच गोष्टींची आहे. काढताना कारण सांगा. अंतिम निर्णय माणसाने घ्यावा आणि त्याखाली त्याची जबाबदारी असावी. आणि दोषी ठरवलंत तरी आपलं सामान उचलायला मुदत द्या. तुमच्यावर ही वेळ आली तर तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा, तारखांचे स्क्रीनशॉट ठेवा, आणि त्याच्या निर्णयाविरुद्ध तीस दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जा. आम्हाला ही समिती ठाऊक नव्हती. आमचे तीस दिवस वशिला शोधण्यात गेले.

आणि तुम्ही माझ्यासारखे कोड लिहिणारे असाल, तर तुमच्या प्रणालीतला तो नियम शोधा. मी माझा शोधला. 'सोडवली'च्या जागी 'उत्तर दिलं नाही' असा शेरा टाकू, असं मीटिंगमध्ये सुचवलं. मॅनेजर म्हणाले, आकडा पडेल, पुढच्या तिमाहीत बघू. तीन तिमाह्या झाल्या, मी दर वेळी विचारतो.

आई आता ऑर्डरी वहीत लिहिते. नाव, पत्ता, फोन, अनारसे किती गोड. मी बॅकअप लावून देतो म्हटलं, तर म्हणाली, "असू दे. वहीला लॉग-इन लागत नाही."