प्रश्न नीट मांडा, अर्धं उत्तर तिथंच सापडतं!

उद्या सबमिशन आहे, रात्रीचे अकरा वाजलेत आणि प्रोग्राम काही केल्या रन होत नाहीये. यवतमाळ, पुसद किंवा वणीत बसून तुम्ही कुणाला विचारणार? पुण्यात रूमवर एखादा आयटीतला सिनियर तरी भेटतो. आपल्याकडं कोडिंग शिकणाऱ्या अनेकांचा सिनियर म्हणजे इंटरनेटच.

या सिनियरचं सगळ्यात मोठं घर म्हणजे २००८ मध्ये सुरू झालेलं ‘स्टॅक ओव्हरफ्लो’. जगभरातले प्रोग्रामर तिथं फुकटात उत्तरं देतात. पण नवख्यांना तिथं धाकच जास्त वाटायचा. ‘हे आधीच विचारलंय’ म्हणून प्रश्न बंद व्हायचा, वर उणे मतं पडायची. नवख्यांना इथं आपलेपणा वाटत नाही, हे खुद्द या साइटनंच २०१८ मध्ये कबूल केलं होतं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि चित्र बदललं. ते रागावत नाही, टोमणे मारत नाही. साहजिकच मुलं तिकडं वळली आणि स्टॅक ओव्हरफ्लोवरच्या नव्या प्रश्नांची संख्या झपाट्यानं घसरली. यात वाईट काय? एक तर, एआय चुकीचं उत्तरही तितक्याच आत्मविश्वासानं देतं. म्हणूनच स्टॅक ओव्हरफ्लोनं डिसेंबर २०२२ मध्ये एआयनं लिहिलेल्या उत्तरांवर बंदी घातली. चारचौघांत दिलेलं उत्तर चुकलं, तर खाली कुणीतरी लगेच सांगतं. तुमच्या एकट्याच्या चॅटमध्ये सांगणारं कुणी नसतं. दुसरं म्हणजे, ते उत्तर तुमच्यापाशीच राहतं. पुढच्या वर्षी उमरखेडच्या मुलाला तोच एरर आला, तर त्याला शोधून काही सापडणार नाही.

माणसाला विचारा की मशीनला, प्रश्न मांडायला मात्र यायलाच हवा. ‘सर, कोड चालत नाही, प्लीज हेल्प’ हा प्रश्न नाही, हा नुसता आरडाओरडा आहे. त्याऐवजी असं सांगा: ‘पायथनमध्ये युजरचं वय इनपुटनं घेतलं आणि त्यात १ मिळवला. २० दिल्यावर २१ यायला हवं होतं, पण टाइपएरर आला.’ काय केलं, काय अपेक्षित होतं आणि काय झालं, हे तिन्ही यात आलं. एवढं लिहितानाच कदाचित तुमच्या लक्षात येईल, की इनपुटमधून आलेलं २० हा आकडा नाही, ती अक्षरं आहेत. आधी त्याचा पूर्णांक करावा लागतो. झालं, विचारायची गरजच उरली नाही!

आणखी काही सवयी लावून घ्या. एररची शेवटची ओळ नीट वाचा, पायथनमध्ये खरं कारण बहुतेक वेळा तिथंच असतं. मोबाइलनं काढलेला स्क्रीनचा फोटो टाकू नका, कारण त्यातला कोड कुणाला कॉपी करून चालवता येत नाही. दोनशे ओळी चिकटवण्यापेक्षा, जेवढ्यात चूक दिसते तेवढ्याच दहा ओळी द्या.

राहिला इंग्रजीचा प्रश्न. स्टॅक ओव्हरफ्लोच्या स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन आणि जपानी आवृत्त्या आहेत, मराठी नाही. इकडं २०२१-२२ पासून मराठीतून इंजिनिअरिंग शिकायची सोय झाली, पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगनं कॉम्प्युटर शाखा मराठीतून सुरू केली. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये मराठीतून धडे आहेत. म्हणजे शिकायला मराठी आहे, पण अडल्यावर विचारायला मराठी जागा फारशी नाही. तोवर मोडक्या इंग्रजीत विचारा, बिनधास्त विचारा. वाचणाऱ्याला तुमचं व्याकरण नको असतं, तुमचा एरर हवा असतो.

आणि उत्तर सापडलं, की ‘झालं, थँक्स’ एवढ्यावर पळू नका. काय चुकलं होतं आणि कशानं सुटलं, हे दोन ओळींत तिथंच लिहा. कॉलेजच्या ग्रुपवर तर मराठीतच लिहा. उद्या रात्री अकरा वाजता अडलेल्या ज्युनियरचे सिनियर तुम्हीच असणार आहात.