दुसऱ्याच्या फ्लॅटचा करार

ठाणे, डोंबिवली, कल्याणात पाडव्याच्या मुहूर्तावर ज्या घरांत दूध उतू घालतात, ती सगळीच मालकीची नसतात. अनेकांच्या हाती असतो अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, आणि तोही बऱ्याचदा व्हॉट्सॲपवरून आलेला. कुणा वकिलाने कुणासाठी तरी लिहिलेला. आता फक्त नावे आणि पत्ता बदललेला.

फी वाचवण्यात गैर काही नाही. घात होतो तो फाईलमध्ये उरलेल्या मजकुराने. घोडबंदर रोडच्या टॉवरमधले पार्किंग आणि लॉक-इन टिटवाळ्याच्या वन रूम किचनला जसेच्या तसे चिकटतात. भाड्याचा आकडा बदलतो, संपण्याची तारीख जुनीच राहते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम २४ इथे भलतेच कडक आहे. मुदतीनंतर घर परत मागण्याच्या दाव्यात लेखी करारातले विधान निर्णायक पुरावा ठरते. नजरचुकीने राहिलेलेही त्यात आले. मुदत उलटून राहणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, तेही याच कलमाने.

मालकांची धास्ती जुनी आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहणाऱ्यांना कायद्याने भाडेकरूचे संरक्षण मिळाले, तेव्हापासून परक्याला घर देताना हात आखडतो. तरीही हेच मालक नोंदणी टाळतात! वर्षापेक्षा कमी मुदत म्हणजे नोंदणी नको, हा समज १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आलेला. महाराष्ट्रात तो चालत नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झालाच, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाते. स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का मारला म्हणजे नोंदणी झाली, असे नाही.

आणि ही नोंदणी टाळायची कशासाठी? महिना २०,००० भाडे, लाखभर डिपॉझिट, अकरा महिने धरले, तर पाव टक्का मुद्रांक शुल्क आणि शहरातली १,००० रुपये नोंदणी फी मिळून सोळाशेच्या आसपास जातात. एजंटाचे चहापाणी वेगळे.

मसुदा कुणा जाणत्याला दाखवायचा, तर ठाण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते. जाण्यापूर्वी फाईलमध्ये आधीच्या मालकाचा पॅन क्रमांक राहिला नाही ना, तेवढे पाहावे.