चौथ्या क्रमांकाचा हिशेब

हांगझोऊ येथे २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने २८ सुवर्णपदकांसह एकूण १०७ पदके मिळवून चौथे स्थान पटकावले, तेव्हा देशभर जणू दिवाळी साजरी झाली. त्यानंतर दहा महिन्यांच्या आत पॅरिस ऑलिंपिकला गेलेले ११७ खेळाडूंचे पथक एक रौप्य व पाच ब्राँझ अशी सहा पदके घेऊन परतले. सुवर्णपदक एकही नव्हते, आणि पदकतक्त्यात आपण ७१ वे होतो. त्याबरोबर आदल्या वर्षीच्या दिवाळीची जागा सुतकाने घेतली. खेळाडूंच्या जिद्दीविषयी शंका घेण्यापासून क्रीडासंघटनांच्या नावाने बोटे मोडण्यापर्यंत सारे काही झाले. वस्तुतः या दोन्ही प्रतिक्रियांत दोष एकच आहे. आपण पदके मोजतो, पदकांचा हिशेब पाहत नाही.

हा हिशेब थोडा तपशिलात पाहणे अगत्याचे आहे. हांगझोऊच्या २८ सुवर्णपदकांपैकी पाच कंपाउंड तिरंदाजीची, दोन कबड्डीची, दोन क्रिकेटची आणि दोन स्क्वॉशची होती. यांपैकी एकही प्रकार पॅरिसच्या कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता. नेमबाजीच्या सात सुवर्णपदकांतील पाच सांघिक प्रकारांची होती, आणि तेही प्रकार ऑलिंपिकमध्ये नव्हते. म्हणजे २८ पैकी १६ सुवर्णपदके अशा नाण्यांत मिळाली होती, की जी नाणी पॅरिसच्या बाजारात चालत नाहीत. याचा अर्थ ते यश खोटे होते असा मुळीच नव्हे. नागपूरच्या ओजस देवतळेने हांगझोऊत तीन सुवर्णपदके जिंकली, आणि त्याच्या सांघिक सुवर्णपदकात बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरचा वाटा होता. विदर्भाने त्याचा अभिमान बाळगावा हे योग्यच आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंड तिरंदाजीच्या मिश्र सांघिक प्रकाराला प्रवेश मिळाला आहे, तेव्हा त्या नाण्यालाही आता तेथे थोडेफार मोल येईल. परंतु १०७ वरून सहावर झालेली ही घसरण खेळाडूंचा दम अकस्मात निघून गेल्यामुळे झाली, हा समज मात्र निराधार आहे.

पॅरिसच्या निकालपत्रकात पदकांहून अधिक बोलका असा एक आकडा आहे. सहा पदकांच्या बरोबरीने भारताच्या वाट्याला सहा चौथे क्रमांकही आले. अर्जुन बबुता, मनू भाकर (तिच्या तिसऱ्या प्रकारात), लक्ष्य सेन, मीराबाई चानू, तिरंदाजीची मिश्र जोडी आणि स्कीट नेमबाजीची मिश्र जोडी, हे सारे पदकाच्या उंबरठ्यावरून परत फिरले. मीराबाईचे ब्राँझ एका किलोने हुकले. विनेश फोगट तर अंतिम लढतीच्या दिवशी शंभर ग्रॅम अधिक भरल्याने बाद ठरली. एखाद्या दिवशी तिसरा कोण आणि चौथा कोण हे बरेचसे त्या दिवसाच्या वाऱ्यावर, हाताच्या थरथरीवर व दैवावर अवलंबून असते. परंतु चौथ्या क्रमांकाच्या परिसरात वर्षानुवर्षे टिकून राहणे हा दैवाचा खेळ नव्हे. ज्या देशाचे पन्नास खेळाडू त्या परिसरात वावरतात, त्यातील पंधरा-वीस पदकापर्यंत पोचणारच. ज्याचे पंधराच वावरतात, त्याला पाच-सहांवर समाधान मानावे लागते. म्हणून राष्ट्रीय क्रीडाधोरणाची खरी कसोटी पहिल्या तिघांचा सत्कार ही नसून चौथ्यापासून विसाव्यापर्यंतच्या खेळाडूंचा सांभाळ ही आहे.

गरिबीची सबब

आमचा देश गरीब, त्यास पदके कोठून परवडणार, हा युक्तिवाद आपल्याकडे फार जुना आहे. परंतु उझबेकिस्तानसारख्या देशाकडे पाहिल्यावर तो टिकत नाही. त्या देशाची लोकसंख्या चार कोटींच्याही आत आहे आणि दरडोई उत्पन्न आपल्याहून फार मोठे नाही. तरीही पॅरिसला त्याने आठ सुवर्णांसह तेरा पदके मिळविली, त्यांतील पाच सुवर्णपदके एकट्या मुष्टियुद्धात. जमैकाचे उदाहरण याहून जुने आहे. तेथील माध्यमिक शाळांच्या मैदानी स्पर्धा १९१० पासून भरत आल्या आहेत, आणि जगाला थक्क करणारे त्यांचे धावपटू याच शाळकरी स्पर्धांतून वर आले. याउलट ब्रिटनसारख्या संपन्न देशाला १९९६ साली अटलांटात अवघे एक सुवर्णपदक मिळाले होते. पुढच्या वर्षापासून राष्ट्रीय लॉटरीचे उत्पन्न नियमितपणे खेळाडूंकडे वळविण्यात आले, आणि २००८ साली बीजिंगला त्यांची सुवर्णपदके १९ झाली. देश श्रीमंत असो वा मध्यम, पैसा पदकाच्या आधी आणि सलग दहा-बारा वर्षे खेळाडूपर्यंत पोचला तरच तो फळाला येतो, हे यातून दिसते. आपल्याकडे तो बहुधा पदकानंतर पोचतो.

पदकामागचा पगार

अर्थशास्त्राच्या दृष्टीने खेळ ही दीर्घ मुदतीची आणि मोठ्या जोखमीची गुंतवणूक आहे. दहा-बारा वर्षे खर्च करावयाचा आणि परतावा मिळण्याची शक्यता हजारात एक. अशी जोखीम उचलण्यास पाठीशी कोणीतरी लागतो. महाराष्ट्रात ती आजवर कोणी उचलली हे पाहू गेल्यास एक गोष्ट वारंवार नजरेस येते.

खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सहावे आले होते. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. सहाव्याचा तिसरा झाला आणि स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. आपण ही कथा गुरुशिष्यप्रेमाची म्हणून सांगतो. मात्र लंडनला सहाव्या आलेल्या मल्लाची जोखीम एका शिक्षकाला आपल्या घरावर घ्यावी लागली, ही तिची दुसरी बाजू आपण सांगत नाही. महाराष्ट्राच्या खेळाडूला पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास ७२ वर्षे लागली, याचा उलगडा त्या दुसऱ्या बाजूत आहे.

ते पदक पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात मिळविले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा हा मुलगा शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. त्याचे वडील शिक्षक, आणि तो स्वतः तेव्हा २०१५ पासून मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. हांगझोऊला वैयक्तिक स्पर्धेत तो चौथा आला होता. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरल्यापासून ऑलिंपिकपर्यंत पोचण्यास त्याला एक तप लागले. या तपात त्याला नेमबाजी सोडून पोटामागे लागावे लागले नाही, याचे कारण दरमहा येणारा रेल्वेचा पगार. साताऱ्याची आदिती स्वामी सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. तिचेही वडील शिक्षक, आणि तिच्यासाठी कुटुंबाने गाव सोडून शहरात बिऱ्हाड केले. शिक्षकाच्या बेताच्या पगाराचा मोठा गुण असा, की तो ठरल्या तारखेला येतो. जोखीम पेलण्यास संपत्तीपेक्षाही ही निश्चिती अधिक उपयोगी पडते.

ज्याच्या घरी असा पगार नव्हता त्या अविनाश साबळेचे काय? बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या या मुलाचे आईवडील कष्टकरी. बारावीनंतर तो सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये भरती झाला तो खेळाडू म्हणून नव्हे, तर साधा शिपाई म्हणून. सियाचीनमध्ये त्याने पहारा दिला. २०१५ च्या सुमारास तो सैन्याच्या क्रॉसकंट्री शर्यतींत धावू लागला, २०१७ मध्ये प्रशिक्षक अमरीशकुमार यांनी त्याला तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळविले, आणि २०१८ साली त्याने ३७ वर्षांपूर्वीचा राष्ट्रीय विक्रम मोडला. हांगझोऊत सुवर्णपदक, आणि पॅरिसला या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष. अंतिम फेरीत तो अकरावा आला. परंतु हे अकरावेपण येण्यासाठी भरतीनंतर आपली शर्यत सापडेपर्यंतच सुमारे पाच वर्षे जावी लागली होती.

जवाहरनगरच्या रस्त्यावरून

आमच्या भंडारा जिल्ह्यात हा प्रश्न रोज पहाटे डोळ्यांसमोरून धावत जातो. जवाहरनगर ही आयुधनिर्माणीची वसाहत. भोवतालची गावे धानाची, तेंदूपानाची, विडीच्या मजुरीची. या गावांच्या अर्थव्यवस्थेत महिन्याच्या पगाराचे घर हा अपवाद आहे. पहाटे साडेचार-पाचला येथील रस्त्यांवर मुलेमुली धावताना दिसतात. त्यांचा दम पाहून परका माणूस म्हणेल, या जिल्ह्यातून धावपटू कसे निपजत नाहीत? उत्तर सोपे आहे. ही मुले पोलीस भरतीसाठी धावतात. भरतीत मुलांना १६०० मीटर धावावे लागते म्हणून ती १६०० मीटर धावतात, आणि मुलींना ८०० मीटर म्हणून त्या ८०० धावतात. येथे शर्यतीची लांबी अंगातील गुणांवरून ठरत नाही, भरतीच्या नियमावरून ठरते. भरती झाली की धावणे थांबते, आणि वय उलटून गेले तरीही थांबते. त्यांच्यात एखादा साबळे नसेलच असे कोण छातीठोकपणे सांगेल? पण तो ओळखणारा प्रशिक्षक त्या रस्त्यावर नसतो, आणि वाट पाहण्यास त्याच्या घरी पगार नसतो.

यास दोष देता येणार नाही. धानाच्या दोन एकरांवर जगणाऱ्या बापाने मुलीला, राज्य स्पर्धेत चौथी आलीस, आता आणखी सहा वर्षे खेळ, असे सांगावे ही अपेक्षाच अवास्तव आहे. शालेय स्पर्धांची तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शिडी आपल्याकडे आहे. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षणही आहे. परंतु या साऱ्या सवलती मिळविलेल्या यशाचे मोल देतात. बारावीचे सवलतीचे गुण आणि नोकरीचे आरक्षण यांच्या दरम्यान जी सहा-सात वर्षे असतात, त्या काळात या शिडीला पायऱ्याच नाहीत. ओजसला तयारीसाठी नागपूर सोडून सातशे किलोमीटरहून अधिक दूर साताऱ्याच्या खासगी अकादमीत प्रवीण सावंत यांच्याकडे जावे लागले. ज्याला असे जाता येत नाही, त्याचे नाव आपल्या कानांवर येतच नाही.

चिंतेची बाब अशी, की ज्या कायम नोकरीने आजवर ही पोकळी भरून काढली तिचाच पाया आता बदलत आहे. २०२२ पासून सैन्यातील सर्वसाधारण शिपाईभरती अग्निपथ योजनेखाली चार वर्षांसाठी होते, आणि चौघांपैकी एकालाच पुढे कायम करण्याची तरतूद आहे. खेळाडूंसाठी वेगळी भरती आहे हे खरे, पण साबळे त्या दाराने आत गेलाच नव्हता. पाचव्या वर्षी ज्याला आपली शर्यत सापडली, त्याला चार वर्षांची मुदत पुरली असती काय? सरकारी उद्योगांत कायम जागांऐवजी कंत्राटी कामगार घेण्याची रीत वाढत गेली, तर तेथेही हाच प्रश्न उभा राहील. संरक्षणाच्या वा औद्योगिक धोरणाच्या दृष्टीने हे बदल योग्य की अयोग्य, हा निराळा विषय आहे. परंतु खेळाडूंच्या निर्वाहाचा जो भार या खात्यांनी आजवर न बोलता उचलला, तो यापुढे कोणी उचलावयाचा, याचा विचार क्रीडाखात्याने केलेला दिसत नाही.

आधीचे पैसे आणि नंतरचे पैसे

केंद्र सरकार काहीच करीत नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात क्रीडा मंत्रालयासाठी सुमारे ३,७९४ कोटी रुपये ठेवण्यात आले आणि त्यात एकट्या खेलो इंडियासाठी एक हजार कोटी होते. या योजनेतील निवडक खेळाडूंना प्रशिक्षणाखेरीज दरमहा दहा हजार रुपये हातखर्चाला मिळतात, तर ऑलिंपिकच्या टप्प्यात आलेल्यांना टॉप्स योजनेखाली दरमहा पन्नास हजार. योजना चांगल्या आहेत. परंतु पहिलीचे लाभार्थी सुमारे तीन हजार आणि देशाची लोकसंख्या १४० कोटींहून अधिक, हे प्रमाण पाहिले म्हणजे त्यांची पोच किती आखूड आहे हे कळते.

राज्य शासनाने स्वप्नीलला त्याच्या पदकानंतर एक कोटी रुपये जाहीर केले. ते त्याने कमावलेले आहेत, त्याविषयी कोणाची तक्रार असू नये. मात्र दरमहा दहा हजारांच्या हिशेबाने तेवढ्याच रकमेत वीस मुलामुलींना सलग चार वर्षे खेळावर ठेवता येते, आणि तरीही चार लाख उरतात. पदकानंतरचा कोटी वर्तमानपत्रात छापून येतो, पदकाआधीचे दहा हजार कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. राजकारणाला पहिला खर्च का आवडतो हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी नको.

शाळांची छपरे गळत असता पदकांवर पैसा का घालवावा, असा आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. पण येथे मागणी प्रासादतुल्य क्रीडागारांची नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान असावे असे म्हटले आहे, आणि शंभरहून अधिक पटाच्या उच्च प्राथमिक शाळेत आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा असेही म्हटले आहे. तेवढे जरी प्रामाणिकपणे झाले तरी पाया घातला जाईल. त्यावर प्रत्येक जिल्ह्यात एक-दोन खेळ निवडून कायम प्रशिक्षक नेमावेत, आणि राज्य स्पर्धेतील चौथ्या ते विसाव्या क्रमांकाच्या खेळाडूंना, घरचे उत्पन्न पाहून, चार वर्षांचे निर्वाहवेतन द्यावे. मध्येच एखादा हंगाम वाईट गेला म्हणून ते बंद होऊ नये, ही अट सर्वांत महत्त्वाची. कारण खेळाडूला आधाराची खरी गरज त्या वाईट हंगामातच असते.

२०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धेचे यजमानपद अहमदाबादला मिळाले आहे आणि २०३६ च्या ऑलिंपिकसाठीही भारताने दावा केला आहे. स्पर्धा भरविणे आणि स्पर्धा जिंकणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिले पैशाच्या बळावर पाच-सहा वर्षांत उरकता येते, दुसऱ्याला किमान एक पिढी द्यावी लागते. २०३६ साली पंचविशीत असणारी मुले आज शाळेत आहेत. त्यांतील एखादी यंदा विभागीय स्पर्धेत चौथी येईल आणि दुसऱ्या दिवशी आईबरोबर धानाच्या बांधीत उतरेल. पुढच्या वर्षी ती पुन्हा मैदानावर दिसणार की नाही, हे अहमदाबादच्या क्रीडागारांवर ठरणार नाही. जिल्ह्याच्या अंदाजपत्रकात तिच्या नावे दरमहा काही रक्कम मांडलेली आहे की नाही, यावर ते ठरेल.