नव्या नळीचे लाड किती करावेत?

अमेरिकेत एखाद्या नावाजलेल्या कारागिराकडून रायफलची नवी नळी मागवली, की बऱ्याचदा तिच्यासोबत एक कागद येतो. एक गोळी झाडा, नळी साफ करा. पुन्हा एक गोळी, पुन्हा सफाई. असे पाच-दहा वेळा झाले की तीन गोळ्यांनंतर सफाई, मग पाच गोळ्यांनंतर. एवढे सोपस्कार पार पडले की नळी ‘ब्रेक-इन’ झाली म्हणायची. अख्खी सकाळ यात जाते आणि हाताला सॉल्व्हंटचा असा वास लागतो की दुपारी जेवायला बसवत नाही. हे करावे की करू नये, यावर तिकडचे नेमबाज कित्येक वर्षे हिरिरीने भांडत आहेत. दोन्ही बाजूंना नळ्या बनवण्यात हयात घालवलेली माणसे आहेत, त्यामुळे हा वाद अडाण्यांचा म्हणून सोडून देता येत नाही.

बाजूने बोलणाऱ्यांचा युक्तिवाद समजून घ्यायचा तर नळी कशी तयार होते ते पाहावे लागते. चांगल्या नळीत आटे पाडून झाले की कारागीर शिशाच्या ठोकळ्याला घासणारी पेस्ट लावून तो नळीतून हाताने पुढे-मागे फिरवतो. याला लॅपिंग म्हणतात. त्यामुळे आतला पृष्ठभाग गुळगुळीत तर होतोच, शिवाय उरलेसुरले ओरखडेही गोळीच्या प्रवासाच्या दिशेने, लांबीत पडतात. पण त्यानंतर बंदूक बनवणारा त्या नळीत काडतूस बसण्याची जागा, म्हणजे चेंबर कोरतो. हे काम गोल फिरणाऱ्या रीमरने होते. चेंबर संपून आटे सुरू होतात त्या भागाला थ्रोट म्हणतात, आणि तिथे रीमरच्या खुणा आडव्या उरतात. गोळीला पहिला धक्का सोसावा लागतो तो नेमका इथे.

विस्कॉन्सिनमधील क्रीगर या नळी बनवणाऱ्या कंपनीचे म्हणणे याच खुणांवर उभे आहे. गोळीवरचे तांब्याचे आवरण या किसणीवरून घासत जाते. दारूचा जाळ अडीच हजार अंशांच्या आसपास असतो. त्या उष्णतेत खरवडलेले तांबे वायूसोबत पुढे वाहते आणि नळीत थरासारखे बसते. पुढची गोळी त्या थरावरून जाते, थर वाढतो. पहिल्या काही गोळ्यांनी थ्रोट आपोआप घासून गुळगुळीत होणारच आहे. मात्र मध्ये मध्ये तांबे काढून टाकले, तर खुणा तांब्याखाली झाकल्या न जाता प्रत्येक गोळी थेट पोलादाला घासते, असा हा तर्क. कंपनीच्या सांगण्यानुसार स्टेनलेस पोलादाची नळी लवकर वळणावर येते, क्रोम-मोली पोलादाला जास्त फेऱ्या लागतात. आणि फेऱ्यांचा आकडा पाळण्यापेक्षा चिंधीवर तांबे किती येते ते बघा, असेही तिचे म्हणणे आहे. मला या सगळ्यात हा शेवटचा भाग सर्वात शहाणपणाचा वाटतो, आणि नेमका तोच लोक विसरतात.

आता विरुद्ध बाजू. रायफलच्या दस्त्यांसाठी प्रसिद्ध असलेले आणि नळ्याही बनवलेले गेल मॅकमिलन यांनी या प्रथेची यथेच्छ टर उडवली होती. त्यांच्या मते ही टूम नळ्या विकणाऱ्या एका माणसाने काढली, कारण नळी ‘तयार’ करण्यातच शंभर गोळ्या खर्ची पडल्या तर गिऱ्हाईक पुढच्या नळीसाठी तितकेच लवकर परत येते. आरोप रंगतदार आहे, पण त्यामागचे गणित खरे आहे. नळीला आयुष्य असते. .308 सारख्या शांत काडतुसाची नळी चार-पाच हजार गोळ्या सहज काढते, 6.5-284 सारखे तापट काडतूस हजार-दीड हजारांतच थ्रोट जाळून टाकते. अशा नळीच्या पन्नास गोळ्या लक्ष्याकडे साधे न बघता उडवायच्या, म्हणजे तिच्या आयुष्याचा विसावा-तिसावा हिस्सा नैवेद्याला गेला.

मग खरे कोणाचे? अडचण अशी की एकच नळी ‘ब्रेक-इन करून’ आणि ‘न करता’ अशी दोनदा नवी करता येत नाही. दोन नळ्या घेऊन तुलना करावी, तर एकाच कारखान्यातल्या, एकाच दिवशी निघालेल्या दोन नळ्याही सारख्या लागत नाहीत. नळी चांगली लागली की विधी करणारा श्रेय विधीला देतो, न करणारा कारागिराला. नळी वाईट निघाली की विधी करणारा म्हणतो, कुठेतरी चुकलो. नवस बोलणाऱ्याची पंचाईत याहून वेगळी नसते. तरीही एक फरक करावाच लागेल: नंतरची सफाई सोपी होते, हा दावा चिंधीवर डोळ्यांनी तपासता येतो. लक्ष्यावरचा गोळ्यांचा गट लहान होतो, हा दावा तसा तपासता येत नाही. पहिला मला मान्य आहे. दुसऱ्यावर पैसे लावायला मी तयार नाही.

या वादात एक गोष्ट बाजूला पडते, ती म्हणजे सफाईने होणारी हानी. बंदूक साफ करण्याचा जो कडक संस्कार आपल्याकडे आला तो .303 रायफलीच्या जमान्यातला. तेव्हाच्या काडतुसांच्या टोपीत क्लोरेट असायचे. ते जळून नळीत मीठ उरायचे, मीठ हवेतले पाणी ओढायचे, आणि एका रात्रीत गंज. म्हणून नळीत उकळते पाणी ओतायची पद्धत होती, आणि त्या काडतुसांसाठी ती योग्यच होती. ज्यांनी एनसीसी केली आहे त्यांना पुल-थ्रूची दोरी आणि चार बाय दोन इंचांची चिंधी आठवत असेल. ती दोरी तिरकी ओढली की नळीच्या तोंडाच्या कडेला घासायची. वर्षानुवर्षे असे घासून तोंडे झिजलेल्या रायफली होत्या. आजच्या काडतुसांत ते मीठ नाही, पण धाक उरला आहे. गोळी बाहेर पडताना शेवटचा स्पर्श त्या कडेला करते. कड एका बाजूने झिजली की गोळी सुटतानाच कलते. म्हणून सळई चेंबरच्या बाजूने घालावी, सळई सरळ ठेवणारे बोअर गाइड वापरावे, सळई अखंड असावी. विधीच्या नावाखाली एका सकाळी वीस वेळा सळई आत-बाहेर करणाऱ्याने हे पाळले नाही, तर त्याने नळी सुधारली की बिघडवली?

आपल्याकडे हा प्रश्न आणखी वेगळा होतो, कारण महाराष्ट्रातली स्पर्धात्मक रायफल बहुतेक .22 ची किंवा एअर रायफल. 2010 मध्ये म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 50 मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. 1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांसह कांस्यपदक घेतले. या खेळात दहाचे वर्तुळ 10.4 मिलिमीटरचे आणि गोळी 5.6 मिलिमीटरची. मात्र ती गोळी शिशाची, वर मेणचट वंगण असलेली आणि ध्वनीहून सावकाश जाणारी. तांबेच नाही, तर तांब्याचा थर कुठून येणार? .22 ची नळी बिडाच्या तव्यासारखी असते. वंगणाचा पातळ थर बसला की ती एकसारखी वागते. खरवडून चकचकीत केली की पहिले काही घावन बिघडणारच. तिथे खरे लक्ष द्यायचे ते चेंबरच्या पुढे साचणाऱ्या काजळीच्या कड्याकडे.

आणि पैशाचा हिशेब. परदेशी नेमबाज पन्नास काडतुसे उडवतो तेव्हा त्याच्या खिशाला फारसे कळत नाही. इथे काडतुसे परवान्यावरील मर्यादेत मिळतात, स्पर्धेची चांगली काडतुसे बाहेरून येतात, आणि पुण्यातल्या बालेवाडीला सरावाला येणाऱ्या मुलामुलींच्या घरात एकेका खोक्याचा हिशेब असतो. तीच पन्नास काडतुसे लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेली काडतुसे, निवडण्यात घालवली तर हाती काहीतरी लागते. एकाच नावाच्या काडतुसांचा एक लॉट एखाद्या नळीतून दहात बसतो आणि दुसरा पसरतो. एली आणि लापुआ या काडतुसे बनवणाऱ्या कंपन्या यासाठीच नळी पकडीत बसवून 50 मीटरवर लॉट तपासून देतात.

म्हणून माझे मत असे: .22 साठी ब्रेक-इन विसरा. कारखान्यातले तेल आणि धूळ नीट पुसून घ्या आणि सरावाला लागा. मोठ्या काडतुसाची, हाताने लॅप केलेली नळी असेल तर पाच-सहा एकेरी फेऱ्या करा, चिंधी पांढरी यायला लागली की लगेच थांबा. मात्र त्या गोळ्या वाया घालवू नका. त्यांवरच दुर्बीण जुळवा, ट्रिगर सवयीचा करा. कारखान्यात साच्यावर ठोकून घडवलेल्या, लॅप न केलेल्या नळीत खडबडीतपणा लांबीभर असू शकतो. थ्रोट घासून तो जात नाही. तिथे वीस फेऱ्यांचा हट्ट मला तरी निरर्थक वाटतो.

हे झाले ब्रेक-इनचे; रोजच्या निगेचे कोकणातल्या जुलैत मात्र उलटे. तिथे आळसाला माफी नाही. क्रोम-मोलीची नळी तेलाचा हात न फिरवता पेटीत ठेवली तर आठवडाभरात तांबूस होते. आणि पुन्हा झाडण्याआधी ते तेल कोरड्या चिंधीने काढायचे असते.

ज्यांना तरीही पूर्ण विधी करायचाच आहे, त्यांच्यासाठी एक बारीक सूचना. तांबे काढणाऱ्या सॉल्व्हंटमध्ये बहुधा अमोनिया असतो आणि तांबे विरघळले की चिंधी निळी होते. सळईच्या टोकाला चिंधी धरणारा जॅग अनेकदा पितळेचा असतो. पितळेतही तांबे असते, त्यामुळे नळी स्वच्छ झाली तरी चिंधी निळीच येते, आणि माणूस संध्याकाळपर्यंत नळी घासत बसतो. आधी जॅग बदला. निकेलचा किंवा प्लॅस्टिकचा घ्या, मग चिंधीवरचा रंग बघा.