जिद्द आहेच, ठावठिकाण्याचे काय?

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्यात वाढणाऱ्या अविनाश साबळेला लहानपणी स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची धावशर्यत, हा शब्द माहीत असण्याचे काही कारण नव्हते. घर शेतकऱ्याचे, आई-वडील वीटभट्टीवरही राबणारे. शाळा सहा किलोमीटरवर आणि जायला गाडी नाही. पोरगा कधी चालत, कधी पळत जायचा. बारावी होताच घराला हातभार म्हणून तो सैन्यात गेला. महार रेजिमेंट, सियाचीनचा बर्फ, राजस्थानची वाळू, सिक्कीम. २०१५ मध्ये सैन्याच्या क्रॉस कंट्री स्पर्धेत उतरला, तेव्हा त्याने विशी ओलांडली होती.

पुढचे बहुतेकांना ठाऊक आहे. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने गोपाळ सैनी यांचा १९८१ पासूनचा स्टीपलचेसमधला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवले. या शर्यतीची तिन्ही पदके १९९८ पासून दर वेळी केनियाच नेत होता. साबळेचे सुवर्ण हुकले ते ०.०५ सेकंदाने. २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकची अंतिम फेरी. तिथवर पोचलेला तो या प्रकारातला पहिला भारतीय पुरुष.

शेजारच्या पाटोद्याच्या कुस्तीगीर राहुल आवारेची गोष्ट वेगळी. त्याचे स्वप्न खरोखरच बालपणीचे, पैलवान वडिलांकडून आलेले. ते जपले पुण्यातल्या तालमीने आणि रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार यांनी. २०११ मध्ये बिराजदार गेले, तरी काका पवारांच्या तालमीत सराव चालूच राहिला. २०१६ चे रिओ ऑलिम्पिक हुकले. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य आले.

सत्काराच्या भाषणांत या दोघांचा दाखला देऊन पोरांना सांगितले जाते, 'जिद्द ठेवा.' हा उपदेश अर्धवट आहे. एकाच्या मागे सैन्य होते, दुसऱ्याच्या मागे तालीम. वर्षानुवर्षे जेवण, सराव, वस्ताद आणि हरल्यावरही परत घेणारी जागा दोघांनाही मिळाली. दोघांचे कष्ट त्यामुळे तसूभरही कमी होत नाहीत. पण ती जागा नसती, तर त्या कष्टांची नोंद कुठे झाली असती?

बीडमध्ये जिद्दीचा तुटवडा कधीच नव्हता.

दिवाळीच्या आगेमागे जिल्ह्यातली हजारो कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. आई-बाप कोयत्यावर आणि मूल फडात किंवा कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळत. वर्गातली जागा पाच-सहा महिने रिकामी राहते. उत्तम पळणारी मुलगी शिक्षकांच्या नजरेत भरायच्या आधीच बिऱ्हाडाबरोबर निघून गेलेली असते. आजीजवळ मागे राहिलेल्याला शाळा मिळते, पण घरचे सगळेही त्याच्याच अंगावर पडते.

यावरचा उपाय सरकारला सापडलेला नाही, असेही नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्याने २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. ४१ तालुक्यांत मुलांचे एक आणि मुलींचे एक, अशी ८२ वसतिगृहे, प्रत्येकी शंभर जागांची. कल्पना नेमकी आहे. मूल गावाच्या जवळ राहील, शाळा सुटणार नाही, आई-बापांचा जीव टांगणीला लागणार नाही. पण झोपायला खोली आणि दोन वेळचे जेवण एवढ्यावर ती थांबू नये. प्रत्येक वसतिगृहाला धावायला मैदान हवे, आखाडा हवा आणि बदली न होता काही वर्षे टिकणारा क्रीडा मार्गदर्शक हवा. खेळाची ओढ नसलेल्यांसाठी ग्रंथालय आणि प्रयोगशाळाही तितकीच गरजेची.

पदक आले की चौकाचौकांत फलक लागतात, त्यावर पुढाऱ्यांचे चेहरे खेळाडूपेक्षा मोठे असतात. त्यांच्यासाठी एक सोपे काम आहे. पुढचा गळीत हंगाम सुरू होण्याआधी आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतल्या वसतिगृहांत किती मुले-मुली दाखल झाल्या आणि किती जागा रिकाम्या राहिल्या, हा आकडा त्यांनी गावोगावी जाहीर करावा.